वाचकांचे प्रश्न : नर्सरीचा होमवर्क, वाडीतली अंगणवाडी आणि शाळेतली समाजसेवा

शाळा सुरू होऊन महिना झाला की आमच्याकडे पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज यायला लागतात. यावेळी बरेचसे कोकणातून आलेत आणि दोनच विषय परत परत येतायत, एक म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं नक्की काय करायचं आणि दुसरा प्रायव्हेट शाळांमधले समाजसेवेचे तास. मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत, का ते खाली उत्तरांत येईलच. पत्रं थोडी छोटी केलीयेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी प्रायव्हेट इंग्लिश मीडियम शाळा आहे, तिथे नर्सरीत घातलंय. व्हॅन सकाळी सातला येते, शाळा साडेसातची. रोज एबीसीडीची दोन पानं होमवर्क असतो आणि पेन्सिल नीट धरत नाही म्हणून वहीत लाल शेरा आला. वाडीतली अंगणवाडी घराला लागूनच आहे, शेजारची पोरं तिथे गाणी म्हणतात, खेळतात, शनिवारी सुट्टी असली की ही गडग्यापाशी उभी राहून बघत असते. सासूबाई म्हणतात तिथे नुसती खिचडी खायला जातात. नवरा म्हणतो आत्ता इंग्लिश मीडियमला नाही घातलं तर पहिलीला ॲडमिशन मिळणार नाही. मी काय करू? — एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, आधी पेन्सिलीचं बोलते कारण तो लाल शेरा वाचून मला खरंच वाईट वाटलं. साडेतीन वर्षांच्या मुलीला पेन्सिल नीट धरता न येणं अगदी नॉर्मल आहे. या वयात मनगटातली छोटी हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात, मुलं आधी मुठीत खडू धरतात, मग हळूहळू बोटांवर येतात आणि तीन बोटांची पकड पक्की होते ती साधारण पाच-सहा वर्षांच्या वयात. ती पकड यायला बोटांत जी ताकद लागते ती दोन पानं एबीसीडी गिरवून येत नाही, ती पिठाचा गोळा मळून, ओला फडका पिळून, मातीत खड्डे करून येते. बिरड्याचे भिजवलेले वाल सोलायला तिला तुमच्या शेजारी बसवा, बोटाच्या चिमटीत धरून साल सुटेपर्यंत दाबायचं, दाणा तुटू द्यायचा नाही, यात तिची बोटं जेवढं शिकतील तेवढं वहीत शिकणार नाहीत आणि तुमच्याशी गप्पा होतील त्या वेगळ्याच.

आणि हे माझं एकटीचं मत नाहीये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एक सलग टप्पा धरलाय, पायाभूत टप्पा म्हणतात त्याला, आणि त्यासाठीचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला त्यात तीन ते सहा वयाच्या मुलांना ठरवून दिलेली पाठ्यपुस्तकं नकोत, खेळ, गोष्टी, गाणी आणि वस्तू हाताळणं यातूनच शिकवा असं स्वच्छ सांगितलंय. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्या-कोड्यांची पेटीच काढली. म्हणजे होमवर्क कमी करा म्हणून तुम्ही शाळेत गेलात तर तुम्ही काही वेगळं मागत नाही आहात, देशाच्या धोरणात आहे तेच मागताय. दुसरं, साडेसातची शाळा. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जीआर काढून पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलंय. हे मुख्याध्यापकांना शांतपणे पण लेखी विचारा, चार आयांनी मिळून विचारलं तर जास्त बरं.

आता अंगणवाडी. सासूबाई म्हणतात ते बऱ्याच घरांत म्हटलं जातं आणि काही ठिकाणी त्यात तथ्यही असतं, कारण सेविकेवर वजनं, लसीकरण, पोषण आहार, गरोदर बायकांच्या नोंदी, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरणं एवढं सगळं असतं की पोरांसोबत निवांत बसायला वेळ उरत नाही. पण अंगणवाडी म्हणजे खिचडी हे मला कोकणातल्या माणसाच्या तोंडून ऐकवत नाही. अंगणवाड्या ज्या सरकारी आयसीडीएस योजनेतून चालतात ती सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, आणि त्याच्या तीस वर्षं आधी आपल्याच किनाऱ्यावर, डहाणूच्या वर बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. गरीब घरातली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे बघितल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपल्या, खडे, पानं, बिया यांतून मोजणं, लावणं, जुळवणं शिकवलं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं राखायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी तर त्या कुरणातच शाळा घेऊन गेल्या, कुरणशाळा. बालशिक्षणाचं जे काही आज फॉरेनचं म्हणून चकचकीत ब्रोशरमध्ये छापून येतं त्यातलं कितीतरी या दोघींनी इथे झाडाखाली करून दाखवलंय.

म्हणून माझं म्हणणं असं, सेविकाताईंना विचारून एक सकाळ अंगणवाडीत जाऊन बसा. भिंतीवरची चित्रं बघू नका, ताई मुलांशी बोलतात का ते बघा. एखादं पोर काही सांगायला आलं तर हातातलं रजिस्टर खाली ठेवून ऐकतात का, गोष्ट सांगतात का, मुलं मधेच प्रश्न विचारतात का, बाहेर खेळायला सोडतात का. हेच सगळं प्रायव्हेट शाळेत बघा आणि वर्गात किती मुलांमागे किती बायका आहेत ते मोजा. दोन्हीपैकी जिथे मुलगी जास्त बोलते, जास्त खेळते ती जागा तिची. तुमच्या पत्रावरून मला वाटतं ती वाडीतली अंगणवाडी असेल, आणि असली तर मन घट्ट करून पाच वर्षांची होईपर्यंत तिथेच घाला.

ॲडमिशनची भीती नवऱ्याच्या मनातून काढून टाका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणं किंवा आईवडिलांचा इंटरव्ह्यू घेणं याला बंदी आहे, पहिल्यांदा मोडलं तर २५ हजारांपर्यंत दंड आणि त्यानंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. नर्सरी केली नाही म्हणून पहिलीला घेणार नाही असं कोणी तोंडी सांगितलं तर लेखी द्या म्हणा.

प्रश्न : मुलगा ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण करणार, यावर्षी पहिलीत बसला तर चालेल का, की वर्ष फुकट जाईल? — श्रीवर्धनहून एक वाचक

उत्तर : चालेल. महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरला धरतात, त्या तारखेपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीला प्रवेश मिळतो. पण मिळतो म्हणजे घ्यायलाच पाहिजे असं नाही. तो अजून आईचा हात सोडत नसेल, डबा स्वतः खात नसेल, दोन सूचना एकदम सांगितल्या तर गोंधळत असेल तर एक वर्ष थांबा, त्या वर्षाला फुकट गेलं म्हणू नका, पुढे दहा वर्षं तो वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलगा म्हणून धडपडण्यापेक्षा ते बरं. जन्मदाखला मिळायला उशीर होत असेल तरी वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे, कलम १४.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, रत्नागिरीतली प्रायव्हेट शाळा. कम्युनिटी सर्व्हिसचे तास भरावे लागतात, त्याचं सर्टिफिकेट मिळतं. मागच्या वर्षी एकदा वृद्धाश्रमात नेलं, केळी-बिस्किटं वाटली, बॅनर धरून फोटो काढले आणि अर्ध्या तासात परत. घरी येऊन म्हणाला, बाबा एका आजोबांनी माझा हात धरून बस म्हटलं, पण सर म्हणाले चला गाडी निघतेय. याला सेवा म्हणायचं का? मला आधी वाटायचं अभ्यास सोडून हे कशाला, आता वाटतं करायचंच तर नीट का करत नाहीत. — एक वडील, रत्नागिरी

उत्तर : दादा, तुमच्या मुलाला जे कळलं ते शाळेला कळायला हवं. आजोबांना केळं नको होतं, माणूस हवा होता, आणि मुलगा तिथे बसायला तयारही होता, गाडीची वेळ आडवी आली.

बोर्डांचं म्हणाल तर तास भरण्यामागे चांगला विचार आहे. आयसीएसईमध्ये ‘एसयूपीडब्ल्यू आणि कम्युनिटी सर्व्हिस’ची, म्हणजे समाजोपयोगी उत्पादक काम आणि समाजसेवेची ग्रेड शाळा देते आणि दहावीच्या पास सर्टिफिकेटला ती लागते. सीबीएसईने २०१८-१९ पासून नववी ते बारावीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणात ‘सेवा’ नावाचा प्रोजेक्ट घातलाय. राज्य मंडळाच्या शाळांत स्काऊट-गाईड असतं, पुढे ज्युनिअर कॉलेजला एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. ही एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या शताब्दी वर्षात सुरू झाली, ३७ विद्यापीठांत, आणि तिथे वर्षाला १२० तास धरतात. १२० तास म्हणजे आठवड्याला दोन-अडीच तास, वर्षभर. म्हणजे मूळ कल्पनाच नेमाने जाण्याची आहे. एका दिवसात बस भरून जाऊन आलं की मुलांना तिथल्या कोणाचं नावसुद्धा माहीत होत नाही आणि तिथल्या माणसांना दर महिन्याला नवीन शाळा, नवीन बॅनर, परत तीच केळी.

अजून एक गोष्ट सांगते, ती कोणी बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्यामुळे विनाअनुदानित प्रायव्हेट शाळांत पहिल्या वर्गाला २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना असतात. म्हणजे ज्या वस्तीत शाळा जुने कपडे वाटायला मुलांना घेऊन जाते त्याच वस्तीतलं एखादं मूल त्याच रांगेत, त्याच युनिफॉर्ममध्ये उभं असू शकतं. त्याच्या मामीला त्याच्यासमोर साडी देऊन फोटो काढला तर त्या पोराने दुसऱ्या दिवशी वर्गात कुठे बघायचं? शाळांनी वाटप बंदच करावं असं मला वाटतं, निदान मुलांच्या हातून तरी. द्यायचं असेल तर पालकांनी गुपचूप संस्थेत नेऊन द्यावं. आणि वृद्ध असोत की लहान मुलं, त्यांना विचारल्याशिवाय फोटो शाळेच्या पेजवर टाकू नयेत.

तुम्ही करू शकाल असं एक सांगते. २०११ च्या राज्याच्या फी नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ सक्तीचा आहे, त्यामुळे तुमच्या शाळेतही तो असणार आणि तुम्ही आपोआप त्याचे सभासद आहात. पुढच्या सभेत एवढंच मांडा की पूर्ण वर्गाला वर्षातून एकदा नेण्यापेक्षा पाच-सहा मुलांचा गट करा आणि तो गट वर्षभर एकाच ठिकाणी जाऊ दे. तोपर्यंत थांबायचं काही कारण नाही, रविवारी मुलाला घेऊन त्या आजोबांकडे जा. आधी संस्थेला फोन करा, वेळ विचारा, हातात काही नेऊ नका. त्याचे तास कुठे भरले जाणार नाहीत, न भरू दे.

प्रश्न : मी प्रायव्हेट शाळेत प्री-प्रायमरीला शिकवते. यावर्षी मुख्याध्यापिकांनी सातवी-आठवीच्या समाजसेवा उपक्रमाची जबाबदारीही माझ्याकडे दिलीय. सगळे म्हणतात बीच क्लीनिंग करून टाका, सोपं आहे. माझ्या मनात असं येतंय की मोठी मुलं आणि लहानगी यांना जोडून काही करता येईल का? कसं करायचं, काय काळजी घ्यायची, सविस्तर सांगाल का? — एक शिक्षिका, वेंगुर्ले

उत्तर : बाई, तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं कारण मी जे इतकी वर्षं सांगतेय ते तुमच्या मनात आपणहून आलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने करण्यासारखी सगळ्यांत चांगली सेवा कोणती असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, शाळेजवळच्या अंगणवाडीत आठवड्यातून एकदा जाऊन तीन-चार वर्षांच्या पोरांसोबत तासभर घालवणं. त्याला पैसा लागत नाही, लहान मुलांना त्याची खरी गरज असते, सेविकेला दोन हात जास्त मिळतात, आणि मोठ्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी वाट बघणारं मिळतं.

अभ्यासालाही फायदा होतो, हे तुमच्या मुख्याध्यापिकांना नक्की सांगा. सातवीत असूनही वाचताना अडखळणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांना चौथीचं पुस्तक दिलं तर लाज वाटते, साहजिक आहे. पण लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायचीय म्हटलं की तोच मुलगा तेच सोपं पुस्तक घरी मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचतो, आवाज बदलून बघतो, कुठे थांबायचं ते ठरवतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही राहत नाही.

सुरुवात सेविकेपासून करा. तुमचा प्लॅन छापून घेऊन जाऊ नका, नुसतं जाऊन विचारा की ताई, आमची मुलं आली तर तुम्हाला कशात मदत होईल आणि कोणत्या वेळी आलेली अडचण होणार नाही. ती तिची जागा आहे. मग पर्यवेक्षिका आणि तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, परवानगी लेखी घ्या. वेळेचा प्रश्न येईल, तर राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे आणि राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, तुमची शाळा हे पाळत असेल तर तोच वेळ वापरा, गणिताचा तास मारायची गरज पडणार नाही. मात्र अंगणवाडी शनिवारी किती वाजेपर्यंत असते ते आधी बघून घ्या.

एका मोठ्या मुलामागे दोन लहान, आणि जोड्या वर्षभर बदलायच्या नाहीत. हा माझा हट्ट आहे. तीन वर्षांचं मूल नवीन माणसाशी बोलायलाच महिना घेतं, तेव्हा दर आठवड्याला वेगळा दादा, वेगळी ताई आली तर ते कधी बोलणार?

जायच्या आधी मोठ्या मुलांना तुमच्या केजीच्या वर्गात बसवून सराव द्या, ते तुमच्यापेक्षा चांगलं कोण करणार. खाली जमिनीवर बसायचं. पान लहान मुलाला उलटू द्यायचं. ‘हा कुठला कलर, बोल बोल’ अशी परीक्षा घ्यायची नाही. ‘आता हा खेकडा कुठे गेला असेल?’ असं विचारायचं आणि मग गप्प बसायचं, हे गप्प बसणं मोठ्या मुलांना सगळ्यांत जड जातं. चुकीचं बोललं तर सुधारायचं नाही. आणि मालवणीतच बोलायचं, पुस्तक मराठीत असलं तरी गोष्ट मालवणीत सांगितली तर पोरं लगेच जवळ सरकतात.

साधनं तिथलीच, करवंट्या, शिंपल्या, सुपाऱ्या, नारळाच्या हिरांचे तुकडे. मी एका अंगणवाडीत बघितलं ते सांगते. आठवीतली एक मुलगी दोन पोरांना घेऊन पाण्याच्या घमेल्यापाशी बसली होती, एक मोठी करवंटी आणि दोन शिंपल्या, एक लहान, एक मोठी. पोरगा लहान शिंपलीने करवंटी भरायला लागला, भरेना, पाणी सांडतंय, मोजतोय ‘एक, दोन, चार’. मग त्याने स्वतःहून ती टाकून मोठी शिंपली उचलली आणि तिच्याकडे बघून म्हणाला, ‘ह्येने बेगीन भरतला.’ मुलगी काही बोलली नाही, नुसती लहान शिंपली परत त्याच्यासमोर ठेवली, आणि तो एकदा हिने एकदा तिने असं भरत बसला. माप म्हणजे काय, लहान मापाने जास्त वेळा भरावं लागतं, हे गणित पुढे चौथी-पाचवीत फळ्यावर येतं तेव्हा कितीतरी मुलांना कळत नाही.

काळजीचं आता. चिंचोके, गुंजा, मणी असलं बारीक काही तीन-साडेतीनच्या पोरांपुढे ठेवू नका, नाकात-कानात घालतात, तोंडात टाकतात, आणि गुंज तर विषारीच. काजूबी फोडलेली नको, सालातलं तेल लागलं की कातडीला फोड येतात. पाण्याचं घमेलं मोठं माणूस समोर असेल तरच, उठताना लगेच ओतून टाकायचं. शाळेतली दोन मोठी माणसं कायम सोबत हवीत, कुठलंही मोठं मूल लहान मुलासोबत एकटं, दाराआड असता कामा नये आणि शी-शूला नेणं हे फक्त सेविका-मदतनीस यांचं काम, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही. सर्दी-ताप असेल त्याने त्या दिवशी घरी राहायचं. खाऊ, खेळणी वाटायची नाहीत. काही न्यायचंच असेल तर मुलांनी स्वतः केलेली कापडी पुस्तकं न्या, जुन्या साडीचे तुकडे शिवून, चित्रं चिकटवून, होडी, बांगडो, फणस, आये, बापूस, जे पोरांनी रोज बघितलंय ते.

बीच क्लीनिंग करू नका असं मी म्हणणार नाही, पण ते सोपं आहे हे खरं नाही. एक म्हणजे वेळ. सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस, त्या दिवशी सगळ्या शाळा जातात, पण आपल्याकडे तो बहुतेक गणपतीच्या आगेमागे येतो, अर्धी मुलं पाहुण्यांकडे असतात. त्यापेक्षा तिथी बघा. तुमच्या शाळेत मच्छीमारांची मुलं असतील, त्यांच्या घरी विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, सुकती भर दुपारी बाराला, म्हणजे मुलं उन्हात भाजणार. पुनवेला, अवसेला सुकती पहाटे आणि संध्याकाळी. शाळेला चतुर्थी-पंचमी सगळ्यांत सोयीची, वाळू मोकळी असते आणि नुकत्याच होऊन गेलेल्या उधाणाने वर आणून टाकलेला कचराही तिथेच असतो. हे गणित मुलांनाच करू द्या, आणि नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळून घ्या.

दुसरं म्हणजे गोळा केलेलं जाणार कुठे. पोती भरून वाळूत ठेवून आलात तर पुढच्या उधाणाला सगळं परत समुद्रात. आधीच नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची गाडी ठरवा. तुमच्या वेंगुर्ल्याचं कचरा वेगळा करण्याचं काम राज्यभर नावाजलं गेलंय, मुलांना नुसतं किनाऱ्यावर नेण्यापेक्षा तो कचरा पुढे कसा वेगळा होतो तेही दाखवा. जाड हातमोजे, पायात बूट, काच-सुया-इंजेक्शन दिसलं तर मोठ्यांना हाक मारायची. जाळ्याचा तुकडा वाळूत रुतलेला असेल तर ओढायचा नाही, कापून काढायचा, तो मोठ्यांनी. मर्यादवेल उपटायची नाही, ती वाळू धरून ठेवते. आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, आपल्या किनाऱ्यावर वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास संवर्धन सुरू केलं आणि मग ते गावोगाव पसरलं, त्यामुळे घरटं दिसलं की हात न लावता वनखात्याला कळवायचं हे मुलांना माहीत पाहिजे. केजीच्या मुलांना मात्र कचऱ्याला नेऊ नका. त्यांना वेगळ्या दिवशी न्या, शिंपल्या वेचायला, आणि सोबत त्यांचे सातवीतले दादा-ताई.

वर्षाच्या शेवटी अहवाल लागेल तुम्हाला, तर फोटोंऐवजी मोठ्या मुलांना दर भेटीनंतर चार ओळी लिहायला सांगा, आज माझ्या पोराने काय नवीन केलं. जूनची आणि मार्चची पानं शेजारी ठेवली की मुख्याध्यापिकांना आणि पालकांनाही दिसेल काय झालं ते.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा, प्रायव्हेट शाळेत केजीत जातो. घरी आमच्यासारखाच मालवणी बोलतो. मॅडमनी सुनेला बोलावून सांगितलं की घरी इंग्लिशमध्ये बोला नाहीतर तो मागे पडेल. सून आता त्याच्याशी मोडकंतोडकं इंग्लिश बोलते आणि मला सांगते, तुम्ही जरा कमी बोला. मी कमी बोलू काय? — एक आजोबा, कुडाळ

उत्तर : आजोबा, मुळीच नाही, जास्त बोला. मुलाची एक भाषा घट्ट झाली की दुसरी तिच्यावर उभी राहते. ज्याला मालवणीत ‘का’, ‘कसो’, ‘मगे काय झाला’ विचारता येतं त्याला तेच इंग्लिशमध्ये विचारायला शिकणं सोपं जातं, आणि ज्याच्याशी घरात कोणी मनमोकळं बोलतच नाही, नुसतं ‘कम, सिट, ईट’ एवढंच, त्याला बोलायला काही सुचत नाही, कुठल्याच भाषेत. २०२० च्या धोरणातही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असं म्हटलंय. सुनेला दोष देऊ नका, ती घाबरलीय. तिला म्हणा इंग्लिश शाळेत शिकेल, ते शिकवायचं काम शाळेचं, त्यासाठी फी भरतो.

बाजारातून मासे आणले की नातवाला जवळ बसवा. बांगडो मोठो की तारलो? टोपलीत कितके आसत? आजीक किती, तुका किती, मांजराक काय उरला? मोजणं, तुलना, वाटणी सगळं झालं यात, केजीचं अख्खं गणित.

मॅडमना भेटा, भांडू नका. त्यांना सांगा की मला आठवड्यातून एकदा अर्धा तास द्या, मी वर्गात येऊन मुलांना गजाली सांगतो. बऱ्याच शिक्षिका अशा माणसाच्या शोधात असतात, विचारायला संकोचतात. त्या नाही म्हणाल्या तर वाडीतल्या अंगणवाडीत जा, सेविकेला विचारून, आहार वाटायच्या आधीची वेळ पोरांना बरी पडते, भूक लागली की कोणी ऐकत नाही. नातवालाही सुट्टीच्या दिवशी सोबत न्या.